करापुरता गरीब, व्हिसापुरता श्रीमंत

ब्रिटनमध्ये कायमचे राहायचे तर ‘इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन’ नावाची परवानगी लागते. तिथला मराठी माणूस तिला आयएलआर म्हणतो आणि ती दुसऱ्याला मिळाली का, याची चौकशी स्वतःच्या अर्जापेक्षा जास्त आस्थेने करतो. नवरा किंवा बायको तिथली रहिवासी आहे म्हणून आलेल्याला आयएलआर साधारण पाच वर्षांनी मिळते. या पाच वर्षांत घरात पुरेसा पैसा येतो का, हे तिथले गृहखाते, म्हणजे होम ऑफिस, तीनदा तपासते: येताना, अडीचेक वर्षांनी मुदत वाढवताना आणि शेवटी आयएलआरच्या वेळी. ९ जुलै २०१२ पासून ‘पुरेसा’ याचा अर्थ वर्षाला १८,६०० पौंड असा होता. एवढे कमावल्याशिवाय संसार करू नये हे न्याय्य आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ साली न्यायालयाने ही मर्यादा तत्त्वतः मान्य केली. ११ एप्रिल २०२४ ला ती २९,००० वर नेण्यात आली. ज्यांचा पहिला अर्ज त्याआधीचा होता त्यांना जुनाच आकडा राहिला. त्यामुळे एकाच घरच्या दोन साडवांपैकी थोरला १८,६०० मध्ये सुटतो आणि धाकटा, लग्न उशिरा जमले एवढ्या एकाच गुन्ह्यापायी, २९,००० शोधत फिरतो. सासरी जेवताना थोरला त्याला बचतीचे चार सल्लेही देतो.

नोकरदाराचे त्यातल्या त्यात सोपे असते. सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटे आणि मालकाचे पत्र दिले की काम झाले. स्वतःचा धंदा करणाऱ्याची अडचण पत्रापाशीच सुरू होते.

‘मालक मीच आहे. मी लिहून देतो की माझं उत्पन्न चांगलं आहे.’

‘तुमच्याबद्दल तुमचं काय मत आहे, हे त्यांना नकोय,’ वकीलबाई म्हणतात.

हा धंदेवाईक म्हणजे कोण? टॅक्सी चालवणारा, नळ दुरुस्त करणारा, लग्नाचे फोटो काढणारा, शनिवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये भरतनाट्यम शिकवणारी, घरून डबे देणारी. साहेबाची कटकट नको म्हणून यांनी नोकरी सोडलेली असते. पुढे त्यांना कळते की साहेब एक होता, आता दोन झाले. एक कर खात्यात बसतो आणि विचारतो, ‘इतकं कमी कसं?’ दुसरा होम ऑफिसात बसतो आणि तोही तेच विचारतो. फरक एवढाच की पहिल्याच्या प्रश्नाने धंदेवाईकाला मनातून बरे वाटते आणि दुसऱ्याच्या प्रश्नाने घाम फुटतो.

उत्पन्न मोजायचे तर आधी वर्ष ठरवावे लागते. ब्रिटिश करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ५ एप्रिलला संपते. याला कारण आहे, पण ते ऐकून समाधान होण्याऐवजी संताप वाढतो. जुन्या काळी तिथे वर्ष २५ मार्चला सुरू होई. १७५२ साली देशाने कॅलेंडर बदलले. त्या सप्टेंबरात २ तारखेला झोपलेली माणसे १४ तारखेला उठली आणि मधले अकरा दिवस कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. खजिन्याला मात्र अकरा दिवसांचा कर सोडायचा नव्हता, म्हणून वर्षाचा शेवट तेवढाच पुढे ढकलला, असे सांगतात. १८०० साली त्यात आणखी एका दिवसाची भर पडली आणि मुक्काम ६ एप्रिलला पडला, तो आजतागायत हललेला नाही. ‘एकतीस मार्च’ म्हटले की ज्याच्या पोटात आपोआप गोळा येतो, अशा मराठी माणसाला हे वरचे पाच दिवस फुकटात मिळाल्यासारखे वाटतात. घात त्या पाच दिवसांतच होतो. २०२४-२५ पासून लहान धंद्यांना रोखीचा हिशेब ही सर्वसाधारण पद्धत झाली: पैसे हातात पडतील त्या दिवशीचे ते उत्पन्न. फोटोग्राफरचा नफा २७,००० पर्यंत आलेला आहे, फेब्रुवारीतल्या एका लग्नाचे ३,००० पौंड येणे आहे, आणि तारीख आहे २ एप्रिल.

‘काका, तेवढे तीन हजार शनिवारच्या आत झाले तर बरं होईल.’

‘अरे देतो की! पळून चाललोय का मी? पुढच्या आठवड्यात नक्की.’

काका शब्दाचे पक्के. ते ८ एप्रिलला पैसे पाठवतात, वर ‘आठवणीने पाठवले’ असा फोनही करतात. फोटोग्राफरच्या बायकोचा आयएलआर पुढच्या वर्षात जाऊन पडलेला असतो आणि तिला धड रागही व्यक्त करता येत नाही, कारण काकांच्या धाकट्या मुलीचे लग्न अजून व्हायचे आहे.

वर्षानंतर आकडा. धंदेवाईकाकडे एकाच वेळी तीन आकडे असतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी ‘काय, कसं चाललंय?’ विचारले तर सांगायचा तो आकडा म्हणजे उलाढाल. त्यातून खर्च वजा जाऊन राहतो तो नफा, आणि हा फक्त अकाउंटंटला माहीत असतो. नफ्यावर कर भरून उरते ती खरी कमाई, जी सासूबाईंना सांगायची नसते. होम ऑफिस यातला मधला आकडा धरते: खर्च वजा केल्यानंतरचा, पण कर कापण्यापूर्वीचा करपात्र नफा. नियम इतका सरळ असूनही अर्जदार वर्षानुवर्षे तो आपल्या सोयीने वाचतात.

‘माझे बावन्न हजार होतात. एकोणतीसच्या दुपटीला थोडेसेच कमी.’

‘बावन्न ही उलाढाल झाली. नफा?’

‘पंचवीस.’

‘मग चार हजार कमी पडतात.’

‘पण बावन्न हजार आले होते ना? बँकेत दिसतात!’

आलेले सत्तावीस हजार परत गेले कुठे, हे समजायला खर्चाच्या कलेत शिरावे लागते. ब्रिटिश करकायद्यात खर्च वजा करायची अट एकच: तो संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा. ‘केवळ’ हे किती कडकपणे घ्यायचे, याचा निकाल १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लागला. ॲन मॅलालू या बॅरिस्टरबाईंनी कोर्टात घालायचे काळे कपडे धंद्याच्या खर्चात दाखवले होते. हे कपडे मला आवडत नाहीत, कोर्ट नसते तर मी ते विकतही घेतले नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता. लॉर्डांनी तो ऐकून घेतला आणि सांगितले की कपड्यांमुळे ऊब मिळते आणि अंगही झाकले जाते, हे हेतू धंद्याचे नव्हेत, खर्च नामंजूर. तेव्हापासून वकिलाने कोर्टात अंग झाकून येणे ही त्याची खाजगी हौस समजली जाते.

एवढ्या कडक नियमातूनही वाट काढणारे काढतातच. गाडीसाठी पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स असा ठोक दर मिळतो, त्यानंतर २५. या एका सवलतीमुळे डबेवाल्या बाईंची गाडी कधी खाजगी कामाला बाहेर पडतच नाही. वेम्बलीला कढीपत्ता आणायला गेल्या, ते धंद्याचे काम. वाटेत मैत्रिणीकडे थांबल्या. मैत्रीण एकदा डबा घेणार होती, म्हणून तेही धंद्याचे. घरात बसून काम केल्याबद्दल तासांनुसार महिन्याला १०, १८ किंवा २६ पौंड धरता येतात आणि स्वयंपाकघरातच धंदा असलेल्या बाईंना २६ ची पायरी गाठायला काहीच अडचण येत नाही. तांदूळ, डाळ, गॅस, डबे हे तर हक्काचे. फक्त त्याच पातेल्यातले जे घरच्यांच्या पानात पडते ते खर्चातून वगळावे लागते. हा नियम ऐकून त्यांचे यजमान दुखावले जातात, कारण त्यांना वाढलेले बहुतेक पदार्थ त्यांच्या मते गिऱ्हाइकाच्या आधीची चव-चाचणी असते.

कर खात्याला यातले काहीच नवीन नाही. चमत्कारिक खर्च आणि रिटर्न उशिरा भरण्याच्या सबबी यांची यादी ते अधूनमधून स्वतःच जाहीर करते. २०१९ सालच्या यादीत सासू चेटकीण असून तिने शाप दिल्यामुळे रिटर्न राहिले, असे सांगणारा एक करदाता होता, आणि टपालपेटीपर्यंत हात पोचत नाही अशी तक्रार करणारा एक बुटकाही होता. दुसऱ्या एका यादीत वर्षाचे २५० दिवस रोज साडेचार पौंडांचे सॉसेज आणि चिप्स धंद्याच्या खर्चात लावणाराही कुणी होता. सासूचा मुद्दा आपल्याकडच्या कुणाला कसा सुचला नाही, याचे आश्चर्य वाटते.

खर्चाच्या या कलेत मराठी धंदेवाईक तीन-चार वर्षे आनंदाने रमतो. दिवाळीत तो लॅपटॉपला हळदकुंकू वाहून लक्ष्मीला ‘ये’ म्हणतो, जानेवारीत कर खात्याला ‘आलीच नाही हो’ असे लिहून देतो, आणि आयएलआरची वेळ आली की ती आली होती, पोटभर जेवून गेली, याचे पुरावे गोळा करत हिंडतो. अनुभवी अकाउंटंट म्हणूनच नव्या गिऱ्हाइकाला पावत्या, गाडी, भाडे यांपैकी काही विचारायच्या आधी पहिला प्रश्न टाकतो:

‘आयएलआर कधी आहे?’

‘अजून दोन वर्षं आहेत.’

‘मग यंदापासून तुम्हाला नफा होणार.’

‘म्हणजे धंदा वाढेल?’

‘धंदा आहे तेवढाच राहील. कढीपत्ता बंद.’

यात बेकायदा काही नाही, खर्च वजा मागणे हा हक्क आहे, सक्ती नाही, असे अकाउंटंट समजावतो. जास्त नफा म्हणजे जास्त कर, हेही समजावतो. तेव्हा अर्जदार थोडा वेळ गप्प होतो. २९,००० चा नफा दाखवायला जो कर पडतो, तो त्याला व्हिसाच्या फीवरची आणखी एक फी वाटतो.

आता हा नफा कोणत्या वर्षाचा? नोकरी, बचत, पेन्शन अशा उत्पन्नाच्या प्रकारांना होम ऑफिसने ए, बी, सी अशी अक्षरे दिली आहेत; धंदेवाईकाच्या वाट्याला एफ आणि जी येतात. एफमध्ये शेवटचे पूर्ण झालेले आर्थिक वर्ष बघतात. जीमध्ये शेवटच्या दोन वर्षांची सरासरी. डबेवाल्या बाईंचा यंदाचा नफा २५,००० असल्याने एफचे दार बंद. पण गेल्या वर्षी एका कंपनीच्या कँटीनचे काम मिळून ३५,००० झाले होते, म्हणून सरासरी ३०,००० आणि जीचे दार उघडे. मात्र अर्जाच्या दिवशीही धंदा चालू असावा लागतो. मागच्या वर्षीच्या पुण्याईवर आता घरी बसलेल्याला ही सोय नाही. नोकरी आणि धंदा दोन्ही असतील तर त्याच आर्थिक वर्षातला पगारही जोडता येतो. बचत मात्र जोडता येत नाही. नोकरदाराचा पगार थोडा कमी पडला तर १६,००० पौंडांवरच्या बचतीतून ती तूट भरून काढता येते. धंदेवाईकाने आयुष्यभर पोटाला चिमटा काढून बँकेत पैसे ठेवले असतील, तर होम ऑफिस ते बघते, आणि पुढच्या पानावर जाते.

‘शेवटचे पूर्ण वर्ष’ या तीन शब्दांनीही बरीच घरे हलवली आहेत. व्हिसा मेमध्ये संपत असेल तर ५ एप्रिलला संपलेल्या वर्षाचे रिटर्न लागते. या रिटर्नची ऑनलाइन मुदत पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत असते आणि सगळा देश ते जानेवारीतच भरतो. नाताळच्या दिवशी जेवण आटोपून रिटर्न भरणारेसुद्धा काही हजार निघतात. कर खाते त्यांचा आकडा कौतुकाने छापते. मुदत चुकली की पहिला दंड १०० पौंड. अशा देशात एखादा करदाता एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रिटर्न भरायला गेला, तर अकाउंटंट खुर्चीतून उठतो.

‘एवढ्यात? घरी सगळं ठीक आहे ना?’

भरून झाले तरी लगेच हाती काही लागत नाही. कराच्या हिशेबाचा कागद, म्हणजे एसए३०२, ऑनलाइन खात्यातून छापून घ्यायला ७२ तास थांबावे लागते. हे ७२ तास अर्जदार दर अर्ध्या तासाने लॉग इन करून काढतो.

इथपर्यंतचे सगळे एकट्याने धंदा करणाऱ्याचे झाले. स्वतःची लिमिटेड कंपनी काढलेल्याची गोष्ट निराळी आहे. आयटीत कंत्राटावर काम करणारे बहुतेक मराठी या वर्गात येतात आणि सुरुवातीला त्यांना आपण डबेवाल्यांपेक्षा वरच्या पायरीवर आहोत असे वाटते. नवरा-बायको निम्मे-निम्मे भागीदार. दोघांचा पगार वर्षाला १२,५७०, कारण तेवढ्यावर आयकर लागत नाही. बाकी लागेल तसा लाभांश, आणि उरलेला पैसा कंपनीतच. कराच्या दृष्टीने ही रचना इतकी देखणी असते की अशी माणसे ती पाहुण्यांना कागदावर काढून दाखवतात. होम ऑफिस मात्र तिच्याकडे फार थंडपणे बघते. शेअर तुमचे आणि कुटुंबीयांचे असतील आणि बाहेरचे भागधारक पाचांपेक्षा कमी असतील, तर तुम्ही साधे नोकरदार ठरत नाही. तुमचे माप कंपनीच्या आर्थिक वर्षावर घेतले जाते आणि त्यात तुम्ही प्रत्यक्ष घेतलेला पगार आणि लाभांश एवढेच धरतात.

‘कंपनीत साठ हजार पडून आहेत.’

‘ते कंपनीचे.’

‘कंपनी माझी आहे.’

‘हो. पण पैसे कंपनीचे. तुम्हीच तसं लिहून दिलंय, दरवर्षी.’

आणि लाभांश काढायचा म्हणजे नुसते पैसे वळते करून भागत नाही. संचालकांची बैठक घ्यावी लागते आणि तिचे इतिवृत्त ठेवावे लागते. संचालक एकटाच असला तरी. त्यामुळे क्रॉयडन किंवा हाउन्स्लोच्या एखाद्या घरात जेवणाच्या टेबलाशी एक गृहस्थ स्वतःशी बैठक घेतो, स्वतःचा प्रस्ताव एकमताने मंजूर करतो आणि खाली सही ठोकतो. बायको दुसरी संचालक असली तर एकमताला जरा वेळ लागतो.

आकडा जमला की कागद. कर खात्याकडे नोंदणी झाल्याचा पुरावा, दहा आकडी करदाता क्रमांक, रिटर्न, एसए३०२, धंद्याचे हिशेब, ते पाहिल्याबद्दल अकाउंटंटचे प्रमाणपत्र, धंदा चालू असल्याची खूण. शिवाय रिटर्नच्या त्याच बारा महिन्यांची धंद्याची आणि खाजगी, अशी दोन्ही बँक स्टेटमेंटे. यातला सगळ्यांत टोचणारा नियम हा की धंद्यातला पैसा खात्यात जमा झालेला दिसला पाहिजे. डबेवाल्या बाईंची निम्मी गिऱ्हाइके विद्यार्थी. ती महिन्याच्या शेवटी नोटा देतात. या नोटा डाळीच्या डब्यात जातात, तिथून थेट भाजीवाल्याकडे, आणि बँकेचे तोंडही बघत नाहीत. बाईंच्या दृष्टीने ही काटकसर आहे. स्टेटमेंटच्या दृष्टीने हा पैसा जन्मालाच आलेला नाही. मग आयएलआरच्या आदल्या वर्षी त्या दर सोमवारी पाच-पाच पौंडांच्या नोटांची गड्डी घेऊन बँकेत उभ्या राहतात आणि रांगेत पुढचा माणूस चेकवर सही कशी करायची हे विचारत असला तरी चिडत नाहीत.

बारा महिन्यांची स्टेटमेंटे दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे काय, हे अर्जदाराला ती छापून आल्यावर कळते. जिमची वर्गणी दर महिन्याला गेली आहे. यजमान म्हणत होते की मंगळवारी उशिरापर्यंत काम असते. मंगळवारी रात्री त्याच एका चिकनच्या दुकानात बारा पौंड जातात. होम ऑफिसच्या अधिकाऱ्याला यात काडीचाही रस नसतो. बायकोला असतो, कारण पाने क्रमाने लावायचे काम तिच्याकडे असते. त्यात नावांचा घोळ निघतो तो वेगळाच. पासपोर्टवर नवऱ्याचे नाव मधे, बँकेत मधले नाव गाळलेले, कर खात्यात माहेरचे आडनाव, आणि गॅसच्या बिलावर टेलिफोनवरून ऐकणाऱ्याला जे ऐकू आले ते. या चारही बाया एकच आहेत, असे पत्र वकीलबाईंना वेगळ्या फीत लिहावे लागते.

करापुरते गरीब आणि व्हिसापुरते श्रीमंत हे दोन्ही एकदम साधायचा सर्वांत मोठा प्रयोग टियर वन जनरल या व्हिसावर झाला. हा उच्चशिक्षितांसाठी २००८ साली आलेला व्हिसा. गुणांची पद्धत होती आणि मागच्या पंधरा महिन्यांतल्या कुठल्याही सलग बारा महिन्यांच्या कमाईला गुण मिळत. जास्त कमाई, जास्त गुण. साहजिकच अर्जात धंद्याची भरभराट दिसू लागली. एप्रिल २०१८ मध्ये या वाटेने आयएलआर मागायची मुदत संपली. त्याच्या आगेमागे होम ऑफिसने कर खात्याकडून जुने आकडे मागवून दोन कागद शेजारी ठेवले. व्हिसाच्या अर्जात जो सल्लागार वर्षाला चाळीस हजार कमावत होता, तो त्याच सुमाराच्या रिटर्नमध्ये जेमतेम पोट भरत होता. बहुतेक नकारांत फरक १०,००० पौंडांहून मोठा निघाला.

काही जणांचा फरक खरोखर निरुपद्रवी होता. पंधरा महिन्यांतले निवडलेले बारा आणि ६ एप्रिलचे बारा हे महिने जुळतच नव्हते. शिवाय अकाउंटंटने खरोखर चुका केल्या होत्या. पण बाकीच्यांना आपले रिटर्न चुकले होते हे नेमके आयएलआरचा अर्ज भरायला घेतल्यावर आठवले. वर्षानुवर्षे शांत झोपलेली सदसद्विवेकबुद्धी वकिलाच्या पहिल्या बैठकीनंतर खडबडून जागी झाली आणि लोक थकीत कर व्याजासकट भरू लागले. कारणे विचारल्यावर आजारपणे निघाली, घटस्फोट निघाले, आणि दरेकाच्या गोष्टीत एक अकाउंटंट निघाला, जो आता फोन उचलत नव्हता.

होम ऑफिसने यावर जे हत्यार काढले ते कलम ३२२(५). माणसाची वर्तणूक, चारित्र्य किंवा राष्ट्रीय सुरक्षेला धोका या कारणांवरून तो देशात नको, असे म्हणायला तेव्हा हे कलम होते. कॉम्प्युटर इंजिनियरला एका सकाळी पत्र येते आणि रिटर्नमधल्या अठरा हजारांमुळे आपण कुणाच्या पंगतीत बसलो, हे त्याला कळते. काहींचा काम करायचा हक्कच गेला. लोक रस्त्यावर उतरले, खटले झाले. एप्रिल २०१९ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की फरक दिसला म्हणजे लगेच लबाडी ठरत नाही. नकार देण्याआधी संशय काय आहे हे माणसाला कळवावे आणि त्याचे ऐकून घ्यावे. त्याच वेळी, ‘अकाउंटंटची चूक’ एवढे म्हटले की सुटका, असेही नाही हे न्यायालयाने बजावले. ही चूक झाली हे लिहून देणारा अकाउंटंट शोधणे हा पुढे एक स्वतंत्र उद्योग झाला. अकाउंटंट मंडळी इतर सर्व प्रमाणपत्रे झटकन देतात. एवढे एक द्यायला त्यांची शाई वाळते.

या प्रकरणानंतर दोन खात्यांतले आकडे जुळवून बघायची प्रथा पडली ती पडलीच. नागरिकत्वाच्या अर्जातही चांगल्या चारित्र्याच्या कसोटीत कराची वागणूक बघतात. आता हुशार अर्जदार दोन्हीकडे एकच आकडा सांगतो आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही वाटतो.

सगळे जमले की फी. आयएलआरची फी ऑक्टोबर २०२३ मध्ये २,८८५ पौंड झाली, एप्रिल २०२५ मध्ये ३,०२९. नकार आला तर ती परत मिळत नाही. ही फी धंद्याच्या खर्चात टाकता येईल का, हे विचारणारा अर्जदार प्रत्येक अकाउंटंटला दरवर्षी एकतरी भेटतो. येत नाही, ब्रिटनमध्ये राहणे हा बॅरिस्टरबाईंच्या कपड्यांच्याच जातीचा हेतू ठरतो.

मंजुरी आल्यावर होम ऑफिस उत्पन्न विचारायचे थांबते. पावत्यांचे खोके मात्र फेकता येत नाही, कारण रिटर्नच्या ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर किमान पाच वर्षे कागद सांभाळायचा कर खात्याचा नियम आहे. धंदेवाईक ते खोके जिन्याखाली सरकवतो आणि त्याच आठवड्यात अकाउंटंटला फोन करून कढीपत्ता पुन्हा सुरू करायला सांगतो. नफा अलगद उतरत एकोणीस हजारांवर येऊन स्थिरावतो. मग कायमचे राहायचेच आहे तर भाडे कशाला भरा, असा विचार घरात सुरू होतो आणि जोडपे गृहकर्जासाठी बँकेत जाते. तिथे दोन-तीन वर्षांचे एसए३०२ मागतात. अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवतो.

‘गेल्या वर्षी तीस हजार आणि यंदा एकदम एकोणीस? धंद्यात काही अडचण आली का?’

‘छे, छे,’ बाई सांगतात, ‘आयएलआर मिळालं.’